पुढे बारा दात

दुकानदाराने पाकीट पुढे केलं की मॅडम आधी ते फाडायच्या. आतलं दातेरी लोखंडी चक्र बाहेर काढायच्या, अंगठ्याचं नख एका दातावर टेकवायच्या आणि तिथून पुढे एकेक दात मोजत जायच्या. नाना पेठेतल्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. मोजणी पुरी झाल्याशिवाय यांची मान काही वर व्हायची नाही.

"पाकिटावर लिहिलंय की मॅडम, बारा," दुकानदार म्हणायचा.

"पाकिटावर काय, काहीही लिहितात."

मग तो हमखास विचारायचा, कंपनीने तेरा दातांचं दिलेलं असताना तुम्ही बाराचं कशाला बसवताय, गाडी पळणार नाही. त्यावर मॅडमचं ठरलेलं उत्तर होतं.

"पळवायची नाहीये. चढवायची आहे."

मोटरसायकलच्या चेनला पुढे हे छोटं चक्र असतं आणि मागच्या चाकाला मोठं. पुढचे दात कमी केले किंवा मागचे वाढवले की गाडीचा वेग मरतो आणि जोर वाढतो. सायकल चालवलेल्या कुणालाही हे कळेल. मला स्वतःला यात काडीचा रस नव्हता. गाडी म्हणजे पेट्रोल टाकायचं आणि ऑफिस गाठायचं, एवढंच मला माहीत.

मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत ॲडमिनला आहे. खुर्च्या, एसी, कंपनीच्या बस, कँटीनमधली झुरळं, सगळं माझ्या गळ्यात. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे आमचं ज्वारीचं शेत होतं. नवीन पोरांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. मॅडम त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमच्या प्रमुख. राहायला नारायण पेठेत. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, आवाज कोरडा. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "अहो ॲडमिन" म्हणायच्या. आधी राग यायचा, मग सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटी बरेच महिने घरीच होत्या. ऑफिसात सगळ्यांना मेल आला. त्याच्या वर बसचा मार्ग बदलल्याचा मेल होता आणि खाली पाण्याच्या टाकीच्या सफाईचा. तिन्ही मी ओळीने वाचले. टाकीचा तर मीच पाठवला होता. चारचौघांत रडू नको यायला म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिलो. आलंच नाही. मग टाकी बघायला गच्चीवर गेलो.

ओळख झाली ती भांडणातून. दर सोमवारी तळघरातल्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली लाल मातीची ढेकळं पडलेली असायची आणि झाडणाऱ्या मावशी माझ्या नावाने बोटं मोडायच्या. गाडी होती मॅडमची. दोनशे सीसीची, उंच, सडपातळ, डांबरावर चालते तशीच मातीतही चालणारी. मी तावातावाने वर गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माती कुठली आहे ते तरी विचारा. मी विचारलं. त्यांनी खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या पाण्यामागच्या एका वाडीचं नाव घेतलं. तिच्या डोक्यावरच्या खिंडीत त्या दर रविवारी ट्रेल करायला, म्हणजे दगडमातीच्या वाटेने गाडी चढवायला जायच्या.

मला हसू आवरेना. ते माझं आजोळ. माझा मामा त्याच चढाने रोज मोडक्या शंभर सीसीवर दुधाचे कॅन लावून जातो. आम्ही त्याला ट्रेल म्हणत नाही, रस्ता म्हणतो. हे मी त्यांना सुनावलं. दुसरं कुणी असतं तर खजील झालं असतं. यांनी विचारलं, "मामांच्या गाडीला पुढे किती दात आहेत?"

ते मोजायला आम्ही पुढच्या रविवारी खरोखर वाडीवर गेलो. मॅडम गोठ्यासमोर गाडीपाशी उकिडव्या बसल्या. मामा म्हणाला, "माजंच दोन पडल्यात, गाडीचं कोन मोजतंय?" त्या दिवसापासून मामाचं आणि त्यांचं गूळपीठ जमलं, आणि माझे रविवार गेले.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. आठवडाभर कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि एका विषयावर तोंड उघडलं की थांबायचं नाव नाही. मॅडमचं तसं होतं. त्यांचं म्हणणं, छोट्या गाडीला लोक उगाच कमी लेखतात. कंपनी तिला हायवेच्या हिशेबाने दात देते, आणि मग दगडधोंड्यांच्या चढावर पहिला गिअरसुद्धा जास्त पळतो. माणूस घाबरून क्लच अर्धवट दाबून धरतो, क्लच जळतो, माणूस पडतो. पुढे एक दात कमी करा, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चढेल. मग हायवेवर इंजिन किंचाळतं, ते किंचाळू द्या. मी म्हटलं, आणि हिंजवडीला येताना? तर म्हणाल्या, हिंजवडीच्या तुंबलेल्या रस्त्यावर माझ्या एकटीचीच गाडी बरोबर दातांवर आहे.

एकदा ऑफिसची चार पोरं मोठमोठ्या गाड्या घेऊन आमच्याबरोबर आली. छातीला चिलखत, गुडघ्याला चिलखत. खिंडीच्या निम्म्यात चौघंही आडवी झाली आणि जळक्या क्लचचा वास सुटला. मॅडम त्यांच्या मधून टुकटुक करत वर गेल्या. वरून वळून पाहिलं आणि विचारलं, चहा वर पिणार की तिथेच पाठवू. ती पोरं पुन्हा आली नाहीत.

मग एके दिवशी कँटीनमध्ये त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, उघडा. मी झाकण उघडून दिलं. लिफ्ट बंद आहे हे सांगावं तशा सुरात त्यांनी सांगितलं की डावा हात चाललाय. नसांचं दुखणं आहे, मूठ वळत नाही, पुढे उजवाही जाईल, आणि हे थांबणारं नाही असं डॉक्टर म्हणाले. समोर त्यांची उसळ होती, तिच्याकडे बघत राहिलो. मग तोंडातून निघून गेलं, "गाडीचं काय?"

त्यांचा चेहरा खुलला. बाकी सगळ्यांनी औषधांचं विचारलं असणार.

"तेच बघतेय," म्हणाल्या.

क्लच डाव्या हातात असतो. तो दाबता आला नाही तर गाडी सोडायची, सरळ हिशेब आहे. घरून स्कूटर घे असं सुचवलं गेलं. स्कूटरवर भाजी आणतात, असं उत्तर मिळालं. आपोआप चालणारा क्लच मिळतो म्हणे, पण त्यांच्या गाडीला बसेल असा कुठे मिळाला नाही. मग हाताचा जोर जसा कमी होत गेला तसे त्या गाडीचे दात बदलत गेल्या. पुढे बारा होतेच, मागचं चक्र मोठं केलं. काही महिन्यांनी आणखी मोठं, जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढं. पहिल्या गिअरमध्ये गाडी आता रांगायची. चढाच्या पायथ्याशी एकदा क्लच सोडला की माथ्यापर्यंत त्याला हात लावायची गरज नाही. क्लचशिवाय गिअर टाकायलाही त्या शिकल्या. थांबायचं झालं तर ब्रेक दाबून इंजिन बंद पाडायचं. पुन्हा निघताना गिअरमध्येच स्टार्टरचं बटण दाबायचं, की त्याच धक्क्याने गाडी पुढे निघायची. क्लच दाबल्याशिवाय बटण चालत नाही अशी सोय गाडीत असते, ती वायर काढून टाकायला मेकॅनिक तयार होईना. म्हणाला, गाडी उडी मारेल. मॅडम म्हणाल्या, या दातांवर कसली उडी मारतेय.

हे सगळं खिंडीसाठी चाललं होतं. खिंड चढता आली म्हणजे गाडी अजून आपली आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला एकदा पायथ्याशी बजावलं.

"मागून हात लावायचा नाही, ॲडमिन. ज्या दिवशी ढकलावं लागेल त्या दिवशी मी गाडी सोडली."

मी बरं म्हटलं. दर रविवारी मी माझी गाडी मामाच्या दारात लावायचो आणि त्यांच्या मागून चालत चढायचो. वेग तेवढाच होता. हात पाठीशी बांधून चालायचो, म्हणजे चुकून पुढे जायला नकोत.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. शेवटच्या वळणावर एक म्हैस ऐन वाटेत बसलेली. मॅडमनी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. म्हैस तिच्या सवडीने उठून गेली. त्यांनी बटण दाबलं. मागचं चाक सुट्या दगडांवर फिरलं, गाडी आडवी सरकली आणि पुन्हा बंद पडली. डाव्या मुठीत हँडल राहिलं नाही. गाडी हळूच कलंडली आणि त्या तिच्याबरोबर खाली बसल्या.

लागलं नव्हतं. उठल्या, पँट झटकली. एका हाताने गाडी उचलायला लागल्या. ती गुडघ्यापर्यंत यायची आणि परत जायची. मी माझंच मनगट गच्च धरून उभा होतो. मग त्यांनी गाडीकडे पाठ केली, कंबर सीटला टेकवली, पाय रोवले आणि पाठीने रेटत रेटत गाडी उभी केली. कशी केली देव जाणे. त्यात त्यांचं सगळं बळ गेलं. बराच वेळ तशाच गाडीला टेकून राहिल्या. मग बसल्या आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, पण चाक जागच्या जागी दगड उडवत राहिलं. पायाने रेटा द्यायचा तर पायात जोर उरला नव्हता. मला वाटलं, आता तरी मागे बघतील. बघितलं नाही. समोर खिंडीकडे तोंड करून म्हणाल्या,

"लावा हात."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी "काय?" म्हणालो.

"हात लावा, ॲडमिन."

मी लावला. फार जोर लागला नाही, आणि त्याचाच मला अजून राग येतो. एखादं दार ढकलावं तेवढंच. चाकाला जमीन मिळाली आणि गाडी माझ्या हातातून सुटून वर गेली.

मी माथ्यावर पोचायच्या आत त्या वळून खाली यायला निघाल्यासुद्धा होत्या. उताराला क्लच लागत नाही, कमी दातांवर इंजिनच गाडी धरून ठेवतं. माझ्या अंगावरून गेल्या तेव्हा डावा हात मांडीवर ठेवलेला होता आणि पाठ ताठ होती. गाडी इतकी सुंदर चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं असं कुणाला वाटेल. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. पायाखाली दगड येत होते, मी उतरत होतो.

गाडी त्यांनी गोठ्याशेजारी लावली आणि किल्ली मामाच्या हातात दिली. दुधाला वापरा म्हणाल्या. मामा म्हणाला, "आमच्याकडं हाय की येक." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. मामीने चहा आणला.

घरापर्यंत सोडतो म्हटलं तर मागे बसायची सवय नाही म्हणाल्या. बसच्या थांब्यापर्यंत तेवढ्या कशाबशा बसल्या. धरणापाशी कणसं खाणाऱ्यांची रविवारची झुंबड होती. बस आली. उजव्या काखेत हेल्मेट, त्यामुळे दांडा धरायला हात नाही. कंडक्टरने वरून दंड धरून आत घेतलं. हेल्मेट पाहून त्याने विचारलं, "गाडी बंद पडली काय मॅडम?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "गाडी उत्तम आहे. एक स्वारगेट द्या."

त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. बस निघाली. त्यांनी बाहेर पाहिलं नाही, आणि मीही हात केला नाही.