वर्षाची शेवटची मशेरी

करी रोडच्या त्या चाळीत वर्ष संपत आलं की आधी वास यायचा. कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. दुसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीपुढच्या गॅलरीत मालन स्टोव्ह पेटवून बसायची, लोखंडी तवा चढवायची आणि तंबाखूची पानं त्यावर हलक्या हातानं परतत राहायची. पान आधी मऊ पडायचं, मग त्याच्या कडा काळ्या व्हायच्या, मग निळसर धूर उठून जिन्यात शिरायचा. सगळी चाळ ठसकायची.

खालून गुणाजी ओरडायचा, "कोण जळतंय रे वर? बंब बोलवू काय?"

"तुझी बायल सांजेक डबी घेवन येतली, तिका विचार!" मालन वरून सांगायची, आणि बायकांच्या हसण्यानं गॅलरी भरून जायची.

काळी झालेली पानं ती खलबत्त्यात कुटायची, जुन्या मलमलीतून गाळायची. खाली उरायची ती मशेरी, काजळासारखी मऊ. चिमूटभर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची आणि भिंतीला टेकून बसायचं. दिवसभरात कुणाचंच नसलेलं असं ते एक बसणं. मालननं गिरणी कामगारांची खानावळ चालवली, नवरा वसंत गिरणीबरोबरच खचला आणि गेला, मुलगा राजेश मोठा झाला, सून रश्मी घरात आली. या सगळ्यात मालनला स्वतःचं म्हणून जे सुख मिळालं ते या बोटभर काळ्या पुडीचं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती ताजी मशेरी करायची आणि चाळीतल्या मैत्रिणींच्या डब्या भरून द्यायची. कुणी केक आणी, कुणी बाटली आणी. या बायकांचा लाड हा असा.

या वर्षीही ती तव्यापुढे बसली होती. पण या वर्षी तिचं तोंड पुरतं उघडत नव्हतं.

गणपतीत तिला पहिल्यांदा कळलं. मोदक तोंडात घालताना तो दातांवर आपटला. एरवी ती अख्खा मोदक एका घासात घ्यायची, त्यावरून राजेश तिला लहानपणापासून चिडवायचा. त्या दिवशी तिला तो मोडून खावा लागला. मग उजव्या गालाच्या आत तिखट लागलं की आग व्हायला लागली. जीभ तिथे गेली की खरखरीत लागायचं, ओल धरलेल्या भिंतीला हात लागावा तसं. एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं खिडकीशी आरसा धरला. गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल. आरसा तिनं पालथा घालून ठेवला.

कणकवलीकडच्या तिच्या गावात दाढ ठणकली की आई दाढेत मशेरी भरायची. ठणका निजायचा. आईनं शिकवलेलं औषध मालननं कधी तपासून बघितलं नव्हतं. आपल्या आईचा हात कोण तपासतं? आग झाली की ती त्या चट्ट्यावर मशेरी धरायची. आग निजायची, थोड्या वेळानं उठायची, आणि उठायची ती जास्त भुकेली होऊन. मग मालन आणखी मशेरी धरायची.

मग मार्गशीर्ष आला आणि तिला लपायला जागा मिळाली. गुरुवारचे उपास, महिनाभर मासळी-मटण बंद. या खेपेस आपण तिखटही सोडलंय, असं तिनं घरात सांगून टाकलं. दहीभात, पेज, कालवलेलं केळं. रश्मी कौतुकानं शेजारणींना सांगायची, "आमच्या आई फारच कडक पाळतात हो." मालन मान खाली घालायची. गुरुवारी घट मांडून ती नारळाला देवीचा मुखवटा बांधायची, तेव्हा तिला वाटायचं की ते रंगवलेले डोळे बरोबर आपल्या उजव्या गालाकडे बघताहेत.

तिनं आणखी एक गोष्ट केली होती. परळकडे जाणारा एक रस्ता सोडला होता. त्या रस्त्यावर मोठं इस्पितळ होतं. त्याच्या फुटपाथवर गावोगावची माणसं फायली उशाशी घेऊन बसलेली असत. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या जबड्याला पट्टी, कुणाचा अर्धा चेहरा उपरण्याखाली. मालन आता लालबागच्या अंगानं वळसा घालून जायची. रश्मीनं विचारलं तर सांगायची, चालणं झालेलं बरं.

पण मार्गशीर्ष काल अमावास्येला संपला, वर्षाच्या अगदी टोकाशी येऊन. आज रश्मीनं कोंबडी आणली होती, वड्यांचं पीठ भिजत घातलं होतं. संध्याकाळी ताट समोर येणार होतं आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघणार होते.

"झाला का तुझा यज्ञ?"

मागे मीराबाई उभी होती. पलीकडच्या चाळीतली, बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली. मालनच्या खानावळीचा डबा एके काळी तिच्याकडे जायचा, तेव्हापासूनची मैत्री. तिच्या घरात बुद्धाची तसबीर, मालनच्या घरात गणपती-लक्ष्मी, आणि दोघींचा मिळून एक लाड ठरलेला: वर्षाच्या शेवटच्या दिवशी दादरला जाऊन पीयूष प्यायचं.

"माका यंदा जमाचा नाय," मालन म्हणाली. ओठ फार न उघडता बोलायची तिला आता सवय झाली होती.

"का? हातपाय मोडलेत? चल. लुगडं बदल, त्या धुराचा वास येतोय."

मालन गेली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

दादरच्या त्या जुन्या दुकानात संगमरवरी टेबलावर दोन पेले आले. पिवळसर, दाट, वर जायफळाची पूड. मीराबाईनं पेला उचलून निम्मा केला आणि वरच्या ओठावर आलेली मिशी पुसली. मालननं पोऱ्याला चमचा मागितला.

"पीयूषला चमचा? बाळंतीण आहेस?"

"थंड लागता दातांक."

मालननं चमचा आडवा धरला आणि त्याची कड ओठांच्या फटीतून आत सरकवली. थोडं हनुवटीवर सांडलं. मीराबाईनं पेला खाली ठेवला.

"मालन, आ कर."

"हयसर? लोक बघतत."

"बघू देत. अख्खं आयुष्य मी पोरांना आ करायला लावलंय. कर बघू. मोठा."

मालननं केला. मीराबाई बघत राहिली.

"मोठा म्हटलं मी."

"ह्योच मोठो."

मीराबाईच्या थोरल्या बहिणीचं तोंड असंच मिटत गेलं होतं. शेवटी शेवटी तिला पाणीसुद्धा बोळ्यानं पाजायचे. तिच्या वेळी डॉक्टरांनी दाखवलेली खूण मीराबाईला आठवत होती: धड तोंडात तीन बोटं उभी मावतात. तिनं आपली तीन बोटं एकावर एक धरली आणि त्या भरल्या दुकानात स्वतःच्या दातांमध्ये उभी घातली. शेजारच्या टेबलावरचा माणूस खायचा थांबला.

"आता तू."

मालनचं एक बोट गेलं. दुसरं नखापाशी अडकलं. तिनं जोर केला तशी गालात आग उसळली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि सांगितलंस कुणाला?"

"तुका आता सांगतंय."

मीराबाईला रागवायचं होतं. बालवाडीत रागवायची तसं, कान धरून. पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे."

"उद्या नको!" मालन एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पोऱ्या वळून बघायला लागला. "उद्या वर्साचो पयलो दिस. पयल्या दिसाक जा करूचा, ता वरसभर पाठ सोडूचा नाय. पयल्याच दिसाक दवाखान्याची पायरी चढलंय तर संपलाच."

हे ती मनापासून म्हणत होती. फुटपाथवरची ती माणसं तिला डोळ्यांपुढे दिसत होती. त्यांच्यात एक जागा रिकामी होती, आणि ती उद्या सकाळी आपल्यासाठीच झाडून ठेवणार आहेत असं तिला वाटत होतं.

मीराबाई पुढे वाकली. "मी शकून-अपशकून मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण तुझंच खरं धरू. उद्या नको ना? मग आज. जे काय वाईट निघायचं ते या जुन्या वर्षाच्या माथी मारू. नाही तरी ते आज निघालंच आहे."

पीयूष तसंच ठेवून दोघी उठल्या.

त्याच रस्त्यावर, कापडाच्या दुकानावर दातांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होती, प्रिती नावाची. तिनं मालनला खुर्चीत निजवलं, दिवा ओढला. उजेड तोंडात शिरला तसं मालनला वाटलं, इतके महिने अंधारात दडवून ठेवलेलं कुणी तरी चव्हाट्यावर आणलं. डॉक्टर आधी बोलत होती, तुमचं गाव कुठलं, आज पार्टी का. मग तिनं छोटा आरसा गालाशी नेला आणि तिचं बोलणं थांबलं.

ते थांबणं मालनला चट्ट्यापेक्षा मोठं वाटलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला.

"मावशी, तंबाखू खाता?"

"नाय. कदीच नाय."

"मशेरी?"

"ती लावतंय. ती औषध."

डॉक्टर हसली नाही. तिनं दिवा बाजूला केला आणि स्टूल जवळ ओढून बसली. "मशेरी म्हणजे तंबाखूच, मावशी. भाजली म्हणून ती दुसरी होत नाही. आणि तुम्ही ती थेट जखमेवर धरताय."

"काय असा ता?"

"नुसतं बघून मला सांगता येणार नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. वाईट नसेलही. पण छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. परवा सकाळी परळला जा, मी चिठ्ठी देते. आणि मशेरी बंद. उद्यापासून नव्हे, आत्तापासून."

परळ. मालननं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

टॅक्सीत मीराबाईनं तिचा हात धरून ठेवला होता. बाहेर दुकानांवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, पोरं लाल टोप्या विकत होती. पूल आला, टॉवरांच्या काचांवर उन्हाचा शेवटचा तुकडा होता. मालन एकदम म्हणाली, "मीराबाय, ती सगळी सांजेक येतली."

"कोण?"

"गुणाजीची सीमा, बाकीची सगळी. डबी घेवन. वर्साची वर्सां त्येंका मीच देतंय."

मीराबाईनं तिच्याकडे बघितलं. आतापर्यंत मालनच्या डोळ्यांत स्वतःपुरती भीती होती. आता तिथे गॅलरीभर बायका उभ्या होत्या.

दिवेलागणीला त्या आल्याच. सगळ्यांत पुढे गुणाजीची बायको सीमा, हातात पितळी डबी. रश्मी आत वडे तळत होती, कोंबडीच्या रश्शाचा वास गॅलरीत आला होता. मालन भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पदराआड मशेरीचा भरलेला डबा होता.

"काय गं काकू, यंदा डबा लपवलास तो?" सीमा म्हणाली. "आमचे हे दुपारपासून खोकतायत, त्याची भरपाई नको?"

बायका हसल्या. मालनचं बोट डब्याच्या झाकणावर होतं. गालात आग उठली होती, रडून रडून मागणाऱ्या पोरासारखी. एक चिमूट, आणि ती निजली असती. आणि डब्या आजच्या दिवस भरून दिल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? आजची संध्याकाळ तरी हसतखेळत गेली असती. स्वतःपुरतं परवा जाऊन यायचं, गुपचूप. काही नाही निघालं तर कुणाला सांगायची गरजही नाही. दाराशी मीराबाई उभी होती. तिची नजर डब्यावर होती.

रश्मी झारा हातात घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात बशी, बशीत टम्म फुगलेला वडा. "आई, पहिला तुम्ही. महिना झाला तुम्हाला चांगलंचुंगलं खाऊन."

मालननं वड्याकडे बघितलं. तो चंद्रासारखा गोल होता, आणि तिच्या तोंडापेक्षा मोठा. ती भिंतीचा आधार घेत उठली. डबा तिनं स्टोव्हमागे सरकवला.

"हयसर येवा," ती म्हणाली. "सगळी येवा. दिव्याखाली."

"काय झालं, आई?"

"माझ्या तोंडात बघा."

ट्यूबलाइटच्या खाली उभी राहून मालननं मान वर केली आणि आ केला. जेवढा होत होता तेवढा.

सीमाला आधी वाटलं चेष्टा आहे. हसत हसतच ती वाकली. मीराबाईनं मोबाइलचा दिवा धरला. सीमाचं हसू ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. एकेक बाई वाकत गेली, बघून मागे सरत गेली. रश्मीच्या झाऱ्यातून तेलाचा थेंब तिच्याच पावलावर पडला, तिला कळलंही नाही.

"मशेरीनं?" सीमानं हळूच विचारलं.

मालननं तोंड मिटलं. "परवा समजात. पण डबी मी आज भरूचंय नाय. कोणाचीच."

खाली पोरांनी वेळेआधीच एक फटाका उडवला. वर कुणी दचकलं नाही. बायका डब्या मुठीत धरून तशाच उभ्या होत्या, तोंडं गच्च मिटलेली. आणि मालनला दिसलं, सीमाचा गाल आतून हळूच हलत होता, मग तिच्या शेजारणीचा, मग तिच्या पलीकडचीचा. प्रत्येकीची जीभ आपापल्या गालाच्या आत अंधारात चाचपत होती.