साडूभाऊंच्या पोटातले पाटकरी

आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस प्रवरेपासून सीनेपर्यंत दुसरा सापडायचा नाही. उभी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून पाणीचोर पकडण्यात गेली. निवृत्त होऊन भिंगारला आमच्या शेजारच्या गल्लीत आले, तेव्हा कालवा सुटला, संशय तेवढा उरला. दुधाच्या पिशवीवरची तारीख ते दोन चष्मे बदलून वाचत. हॉटेलात चहा सांगितला की थेट आत शेगडीशी जाऊन उभे. पंगतीत वाढप्याचं नाव-गाव विचारल्याशिवाय आमटी घेत नसत. "चोर कोन ते धरल्यावर कळतं," म्हणत, "तवर सगळेच."

पुढं आतड्याला सूज आली, रक्त पडू लागलं. डॉक्टरांनी समजावलं, की आतड्याचं अस्तर स्वतःच बारीक प्रथिनं सोडतं, त्यांना पेप्टाइड म्हणतात; ती जंतूंना भिंतीपासून लांब ठेवतात. या आजारात काहींचा तो बंदोबस्त ढिला पडलेला दिसतो.

भाऊ खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजी चारीवरचे पाटकरीच की! अन् जंतू समदे चोर?"

"नाही हो, बहुतेक कामाचेच असतात."

"शेतकरीबी कामाचाच असतो, सायेब. पाटकऱ्याची पाठ वळली की कालव्यात पाईप टाकतो."

तेव्हापासून ते पोटावर हात ठेवून बसत, आत गस्त चालू आहे की नाही याचा कानोसा घेतल्यासारखे.

औषधं मात्र माझ्याच मेडिकलमधून. जगाची लेबलं वाचणारा हा माणूस माझ्या हातची पट्टी न बघता खिशात टाकी. एकदा गुडघा धरून आले. "दुखायची गोळी दे. पोटाला चालंल ना?" मी मोबाईलवर बोलत होतो. मान हलवली, पट्टी दिली. असल्या गोळीनं या आजाराचा भडका उडू शकतो, हे परवाना भिंतीवर लावून बसलेल्या मला पक्कं ठाऊक होतं. आठवड्यात भाऊ दवाखान्यात.

जरा सावरताच त्यांनी तपास लावला आणि आरोपी धरला: सून. आदल्या दिवशी तिनं हुलग्याचे शेंगोळे केले होते. "तिनंच कायतरी घातलं." दोन वर्षं तिच्या हातचा घास घेतला नाही, स्वतःची खिचडी स्वतः शिजवत, डाळ-तांदळाच्या डब्यांना कुलूप. मी जाता-येता बघत होतो. गप्प होतो.

यंदा दिवाळीला तिच्यासमोरच सांगून टाकलं. "भाऊ, शेंगोळ्यानं नाही. माझ्या गोळीनं झालं."

भाऊंनी सुनेकडं बोट केलं. "हिनं पढवलं तुला. तू लई भोळा हायेस."

सून एवढंच म्हणाली, "काका, दोन वर्षं का थांबलात?"

मग रोज संध्याकाळी जाऊन मी तेच सांगू लागलो. भाऊ हसून टाळत. काल मात्र मध्येच म्हणाले, "गोळी पांढरी हुती का गुलाबी?"

"गुलाबी."

ओट्याशी सुनेचा हात थांबला. खिचडीचं पातेलं चढवायची वेळ टळून गेली, तरी भाऊ उठले नाहीत. नुसते माझ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या डोळ्यांत माझ्याबद्दल संशय होता. मला केवढं हलकं वाटलं, आणि केवढं एकटं.