ताटाची डावी बाजू

"तनू, तुझ्या बापाला सांग, मी घड्याळबिड्याळ काढणार नाही. मी काय बालवाडीत आहे?"

हे मधुआत्याने मला पहिल्यांदा ऐकवलं ते मार्चमध्ये, लीड्सच्या तिच्या स्वयंपाकघरात, फोडणीत मोहरी तडतडत असताना. आणि तरीही त्या दिवशी संध्याकाळी सहाला ती फोन किटलीला टेकवून, चष्मा लावून, कागद-पेन घेऊन बसलीच. पलीकडे वॉटफर्डहून माझे बाबा होते, म्हणजे तिचा धाकटा भाऊ चंदू. रिटायर्ड रेडिओलॉजिस्ट. टाय नसतानाही टाय घातल्यासारखे बसणारे.

"ताई, घड्याळ."

"भिंतीवर आहे. बघ."

"ताई, चेष्टा नको. आधी गोल. मग बारा, सहा, तीन, नऊ. हे चार खुंटे ठोकले की मधले आकडे आपोआप बसतात. मार्क जात नाहीत."

"मार्क देणार कोण?"

"ते देतातच गं. सांगत नाहीत, एवढंच."

जानेवारीत आत्याच्या मेंदूच्या उजव्या बाजूला एक छोटा स्ट्रोक आला होता. चार दिवस वॉर्डात काढून ती चालत घरी आली. हात ठीक, पाय ठीक, जीभ तर आधीपेक्षा धारदार. पण गाडी बंद करायला सांगितलं होतं, आणि एप्रिलमध्ये न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंटची तारीख लागली होती. लक्ष, आठवण, नजर, विचाराचा वेग, हे सगळं काही तास समोरासमोर बसून तपासायचं. मग ठरणार, तिला पुन्हा स्टेअरिंगला हात लावता येईल की नाही.

आत्या एकोणसत्तर वर्षांची. त्यातली बावीस वर्षं तिने लीड्समध्ये डबल-डेकर चालवली. रिटायर झाल्यावर दर मंगळवारी आणि गुरुवारी कम्युनिटी सेंटरची मिनीबस चालवायची, चौदा म्हाताऱ्यांना घरून उचलून लंच क्लबला न्यायचं आणि परत सोडायचं. त्यातले निम्मे तिच्याहून लहान. ती त्यांना 'माझी पोरं' म्हणते.

बाबांनी अट घातली होती. गाडी गेली तर लीड्समधलं, हेडिंग्लीचं घर विकायचं आणि वॉटफर्डला यायचं, त्यांच्या वरच्या खोलीत.

"त्या खोलीतून काय दिसतं, माहितेय?" आत्या म्हणाली. "शेजाऱ्याचं गॅरेज."

आमच्या घरात टेस्ट म्हटलं की परीक्षा, आणि परीक्षा म्हटलं की क्लास. ब्लड टेस्टचाही अभ्यास करून जाणारी माणसं आम्ही. बाबांनी इंटरनेटवरून आणि जुन्या सहकाऱ्यांकडून कागद गोळा केले. पाठ करायचे शब्द, उलटे आकडे, नक्कल करायच्या आकृत्या. आणि सगळ्यात शेवटी, लाल पेनाने: 'काही त्रास आहे का विचारलं, तर म्हणायचं, आय अ‍ॅम मॅनेजिंग फाइन.'

आत्या घोकत होती, त्याला कारण होतं. मिरजेला एसएससीत ती गणितात दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा बसूच दिलं नाही, लग्न लावून दिलं. चंदू मात्र बोर्डात आला. पुढे पन्नास वर्षं घरात कुणीही "आमच्या मधूला ना, परीक्षा म्हटली की…" एवढंच म्हणायचं आणि वाक्य अर्धं सोडायचं. नवऱ्याबरोबर, म्हणजे शशीकाकांबरोबर, लीड्सला येऊन, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती बसची टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाली. तिने भावाला फोन केला.

"चंदू, मी पास झाले!"

"कशात?" बाबांनी विचारलं होतं. हे ती अजून सांगते, आवाज काढून.

असेसमेंटच्या आधीच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला होते. पान मी वाढलं. मधोमध वरणभात, उजवीकडे बटाट्याची भाजी, डावीकडे मीठ, लिंबू, जवसाची चटणी, काकडीची कोशिंबीर. तिनेच शिकवलेलं.

चार घास झाल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या आईने ताट वाढायला शिकवलं नाही, मी शिकवलं, आणि तू माझं नाक कापलंस. चटणी कुठेय?"

मला वाटलं गंमत करतेय. चटणी तिच्या डाव्या मनगटाशेजारी होती.

मी ताट नुसतं अर्धं फिरवलं. चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळं तिच्या उजव्या हाताला आलं.

आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "हे इथेच होतं?"

"हो."

"मघापासून?"

"हो, आत्या."

तिने लिंबू पिळलं, भात कालवला, शेवटच्या शितापर्यंत जेवली. मग म्हणाली, "चंदूला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण त्या रात्री मला गेटच्या डाव्या खांबाला घासून सोललेलं तिचं कोपर आठवलं, आणि डाव्या बाहीत हात न घालता तसाच पाठीवर लोंबणारा कोट.

बुधवारी सकाळी साडेनऊला आम्ही हॉस्पिटलमध्ये. चष्मा घेतला, गोळ्यांची यादी घेतली, सँडविच घेतलं. डॉ. हॅना ब्रेथवेट चाळिशीची, सपाट बुटांची, घाई नसलेली बाई.

"तुम्हाला काय म्हणू? मधु… मधुम…"

"मॅडी म्हण, लव्ह. डेपोत सगळे तेच म्हणायचे."

"मॅडी, आधी आपण गप्पा मारू, तेव्हा भाची इथे बसेल. नंतर आपण दोघीच. तीन तास तरी लागतील. दमलात तर सांगा, थांबू. काही गोष्टी सोप्या असतील, काही इतक्या अवघड की कुणालाच पूर्ण येत नाहीत. त्या तशाच बनवल्यात. इथे पास-नापास काही नसतं."

"आमच्या हेडमास्तरांनीही असंच सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसली. मग पेन उचललं. "स्ट्रोकनंतर घरी काही बदल जाणवला?"

मला ते लाल अक्षर डोळ्यांसमोर दिसलं. आत्यालाही दिसलं असणार. तिने माझ्याकडे पाहिलं, पर्स उघडली आणि कागदांची घडी टेबलावर आपटली.

"हे माझ्या भावाने पाठवलंय. तो डॉक्टर आहे. सहा आठवडे मी पाठ करतेय. दिवा, मांजर, पूल, लोकर, मंगळवार. झोपेतून उठवून विचार. आज हे विचारणार असलीस तर तू माझा मेंदू नाही, माझ्या भावाचा हट्ट तपासशील."

डॉक्टरने कागद चाळले. भुवया वर गेल्या. "यातलं काही मी वापरणारच होते. आता दुसरे संच काढते. सांगितलंत ते फार बरं केलंत, मॅडी. नाहीतर मी खोटं लिहून बसले असते, आणि मला कळलंही नसतं."

"अजून थांब. संपलं नाही माझं." आत्या खुर्चीत पुढे सरकली. "आमच्याकडे जेवणाचं ताट ठरलेलं असतं. चटणी डावीकडे. मी पन्नास वर्षं डावीकडे वाढतेय. आणि रविवारी मला ती दिसली नाही. म्हणजे मान वळवली की दिसते. पण मान वळवायचं सुचत नाही. मला वाटतं, ताट तेवढंच आहे."

डॉक्टर लिहायची थांबली होती.

"आणि बसच्या डावीकडे काय असतं, ठाऊक आहे? दार. फुटपाथ. सायकली, प्रॅम, काठी टेकत चढणारी माझी पोरं." तिचा आवाज चढला. "मला गाडी हवीय. कुणाच्याही बापापेक्षा जास्त हवीय. पण खोटं बोलून नकोय. आता काढ तुझे खरे कागद. घड्याळ मी माझ्या पद्धतीने काढणार."

मी बाहेर आले तर बाबांचा फोन.

"बारा-सहा-तीन-नऊची आठवण केलीस ना?"

"बाबा, तिने तुमचे कागद डॉक्टरला देऊन टाकले."

"वेड लागलंय का तिला? लायसन्स जाईल!"

"तेही तिला ठाऊक आहे."

साडेअकराला चहासाठी सुटी झाली. आत्या बाहेर आली ती डेपोतून आल्यासारखी, ढांगा टाकत.

"उलटे आकडे विचारले. मी म्हटलं, मी मोजते मराठीत, शिव्या देते यॉर्कशरच्या बोलीत, उत्तर तुला इंग्लिशमध्ये देते. चालेल म्हणाली, आणि तसं लिहूनसुद्धा ठेवलं. एक गोष्ट वाचून दाखवली, ती मी अख्खी परत सांगितली. वर विचारलं, त्यातल्या बाईने पोलिसांना फोन का नाही केला?"

"आणि घड्याळ?"

तिने बोटाने हवेत गोल काढला. "बारा. एक. दोन. असं करत सात. आणि मग मला वाटलं, झालं. पेन खाली ठेवलं मी, तनू. तिने पानाची डावी बाजू बोटाने दाखवली, तेव्हा कळलं. शपथ सांगते, मला ते घड्याळ पूर्ण दिसत होतं."

मी तिचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला. "रडायचं तर पार्किंगमध्ये जाऊन रड. सँडविच दे. अजून दीड तास आहे माझा."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. डॉ. ब्रेथवेटने आम्हाला बोलावून एकेक ओळ समजावून सांगितली. आठवण उत्तम. भाषा उत्तम. डाव्या बाजूकडे लक्ष कमी. सध्या गाडी नाही. रोजचा सराव, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी, आणि सुधारणा दिसली तर रस्त्यावरची ड्रायव्हिंग टेस्ट.

त्या संध्याकाळी सहाला फोन किटलीला टेकला.

"ताई, झालं ना? आता घराचं बघू या."

"पान चार काढ. तुला पाठवलंय. मोठ्याने वाच."

"ताई…"

"वाच, चंदू. बोर्डात आलेला तू. मला ऐकू दे."

बाबांनी घसा साफ केला. "एकटीने राहण्यास सक्षम. गॅसची डावी शेगडी आणि रस्ता ओलांडणे याबाबत काळजी…"

"शेगडीला लाल टेप लावलीय. रस्त्याकडे मी बघेन, आधी डावीकडे. घर विकायचं नाही. परत विषय काढलास तर किटलीवरून पाडीन तुला."

बाबा टाय सुटल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेंदूतले डाग वाचले गं. तुझा बघवला नाही."

आत्याचा चेहरा क्षणभर हलला. "मग भी," ती म्हणाली. "भ्यायला मनाई नाही. पण मला पढवू नकोस. दोनदा नापास झाले, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत मला काय येत नाही ते. या वेळी ते मी स्वतः शोधून काढलंय."

मंगळवारी मी तिला भेटायला लंच क्लबच्या थांब्यावर गेले. मिनीबस आता बॅरी चालवतो, रिटायर्ड पोस्टमन, बिचारा. आत्या त्याच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर. डाव्या मनगटाला पिवळी रिबीन, तिकडे बघायची आठवण म्हणून. बस थांब्याला लागताना ती मान अख्खी डावीकडे फिरवत होती, जड दार ढकलावं तशी. मागे तिची चौदा पोरं.

मी चढले. बॅरीने इंडिकेटर दिला, बस फुटपाथच्या कडेपासून सुटायला लागली.

"थांब! डावीकडे सायकल!"

बॅरीने ब्रेक मारला. एक मुलगी पॅडल मारत सुळकन पुढे गेली.

"दिसली होती मला, मॅडी."

"दिसली असेल," आत्या म्हणाली. "मला आधी दिसली. चल आता."