वहीतले दोन नांगर

मी मराठी चौथीपर्यंत शिकले होते. त्याचा आमच्या सासरी कुणाला कधी उपयोग वाटला नव्हता. पुढे यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एकाएकी माझ्या अक्षराचं कौतुक सुरू झालं. 'अडला हरी' एवढंच मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस अबोला धरला होता यांनी. पुढचं गाढव मी म्हटलंही नव्हतं.

आमचं घराणं पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायाचं. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पिंडदानाला येणाऱ्या यजमानांच्या वह्या आमच्याकडे असत, गाववार. कोण आला, कुणासाठी आला, त्याचा बाप कोण, आजा कोण, हे सगळं लिहायचं आणि खाली यजमानाची सही घ्यायची. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी काढी. कुणबी नांगर काढी, वाणी तराजू. हे सांगत आणि मी लिही. माझं अक्षर वहीत असलं तरी नाव यांचंच, हे ओघानंच आलं.

ही गोष्ट तीस सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. नांदगावच्या पुढे काही कोसांवर इंग्रज सरकारची हद्द संपे आणि हैदराबाद संस्थान लागे. आमच्याकडे त्याला मोगलाईच म्हणत. त्या हद्दीवर तेव्हा बंडवाल्यांची एक टोळी होती. मोगलाईतल्या वेठीला कंटाळलेले वीस-पंचवीस कुणबी होते. तिकडचा एक जकातनाका त्यांनी जाळला, आत झोपलेला एक शिपाई जळून मेला, आणि टोळी हद्द ओलांडून इकडच्या डोंगरात आली. झालं, दोन सरकारांची पत्रापत्री सुरू झाली. तिकडचे म्हणत, तुम्ही त्यांना थारा देता. इकडचे म्हणत, माणसं तुमची, लपतातही तुमच्याकडेच. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा त्यावर बोलत. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दोन मोठ्या घरांची भांडणं ती, आपल्याला काय त्याचं?

कार्तिक महिन्यात एक दिवस सकाळी एक बाई आणि एक पुरुष आमच्या ओसरीवर येऊन बसले. बाई तिशीच्या आतली. पुरुष उंच, डोकं नुकतंच भादरलेलं. तो म्हणाला, "माझा थोरला भाऊ रानात मेला. वाघानं न्हेला का कुनी मारला, ठावं नाय. मढं घावलं नाय. त्याचं समदं करायचं हाय."

प्रेत सापडलं नाही तर पालाशविधी करतात. पळसाची पानं आणि दर्भ बांधून माणूस करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. हे म्हणाले, "होईल. मेलेल्याचं नाव सांगा." बाई खाली बघत राहिली. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? ते त्या पुरुषानं सांगितलं. मग यांनी तिला विचारलं, "आणि हे तुझे धाकटे दीर ना? यांचं नाव काय?" धाकट्या दिराचं नाव घ्यायला वहिनीला कसली आडकाठी नसते. पण तिनं तेही घेतलं नाही. मग हळूच त्याच्याकडे वळून म्हणाली, "अवं, तुमीच सांगा की."

दिराला कुणी 'अवं' म्हणत नाही. हे डोळ्यांनी अधू, कानांनी नव्हेत, पण त्यांनी विधीच्या सामानाची यादी सांगायला घेतली. मीही विळी पुढ्यात ओढून पडवळ चिरत बसले.

दुसऱ्या दिवशी घाटावर पळसाचा माणूस बांधला. मी लांब पायरीवर उभी होते. कोवळं ऊन होतं, आजूबाजूला पाच-सहा जणांची श्राद्धं चालली होती, कुणाचं तरी पोर पाण्यात खडे टाकत होतं. आमच्या सोवळ्यातल्या माणसानं पानांचे पाय बांधले, तेवढ्यात तो उंच माणूस पुढे होऊन म्हणाला, "पाय आनखी लांब करा. उंच व्हता तो." आणि त्यानं स्वतः बसून ते पाय लांब केले, गुडघे नीट केले. मग अग्नी दिला तो डाव्या हातानं. आमचा सोवळ्यातला माणूस ओरडला, "उजवा हात, अरे उजवा!" तसा तो उंच माणूस दचकला आणि त्यानं पलिता हात बदलून धरला. नारळ फुटला तेव्हा त्यानं आपल्या कपाळावर हात नेला.

दहा दिवस ती दोघं धर्मशाळेत राहिली. दहाव्या दिवशी पिंड ठेवला. मी मनाशी म्हणत होते, आता बघू, हा कावळा जन्मात शिवायचा नाही. माणूस समोर उभा असताना कोण शिवेल? एकेका पिंडासाठी लोक दुपार दुपार ताटकळतात, मग दर्भाचा कावळा करून वेळ भागवतात. पण यांनी पिंड खाली ठेवून हात काढलाही नव्हता, तोच कावळा आला. एकच आला. पिंडाला टोच मारली, मान तिरपी करून त्या माणसाकडे बघितलं आणि उडून गेला. बाईनं तोंडात पदर कोंबला. तो माणूस राखेसारखा पांढरा पडला होता.

मग बायकांनी बाईचं कुंकू पुसलं, पायरीच्या दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या. ती मोठमोठ्यानं रडली, रीतीप्रमाणे. तो पाठ करून नदीकडे बघत होता.

घरी येऊन मी त्यांच्या गावची वही काढली. उजव्या पानावर मजकूर लिहिला आणि टाक त्याच्या हातात दिला. त्यानं तो डाव्या हातात घेतला आणि नांगर काढला. सगळे कुणबी नांगराची मूठ उजवीकडे काढतात. याची डावीकडे. शाई वाळेपर्यंत मी वही उघडी धरून बसले आणि सहज समोरच्या पानाकडे नजर गेली. चार वर्षांपूर्वी त्या घरचा थोरला मुलगा बापाच्या अस्थी घेऊन आला होता. हाच, जो आता मेला होता तो. त्याच्या नावाखाली नांगर होता. मूठ डावीकडे, फाळ तसाच तुटक.

ती दोघं गेल्यावर मी यांना सांगितलं. यांनी चाचपडून वही मिटली. मग म्हणाले, "मला दिसत नाही. तुला दिसलं ते तुझ्यापाशी ठेव."

चैत्रात, ऐन दुपारी, आमच्या दारात टांगा थांबला. इकडचे एक फौजदार आणि मोगलाईतले एक अमीन, म्हणजे तिकडचे फौजदारच, दोघे बरोबर आले होते. एकमेकांवर भरवसा नव्हता म्हणूनच बरोबर आले असावेत. फौजदार बूट घालून ओसरीवर चढले. अमीन वयस्क होते. त्यांनी जोडे खाली काढले आणि मला 'माँजी' म्हणाले. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, तरी मला राग आला नाही.

टोळीतला तो माणूस मेला याला दोन्ही सरकारांना पुरावा हवा होता आणि पुरावा म्हणजे आमची वही. मी आत गेले. वही हातात घेतली तेव्हा आठवलं की दोन्ही नांगर समोरासमोर आहेत. पान फाडावं तर वही शंभर वर्षांची. वर्दी द्यावी तर तो माणूस फासावर जाणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी बाहेर आले, वही उघडून ठेवली आणि डाव्या पानावर पानसुपारीचं तबक ठेवलं. पाहुणचाराला कोण नाही म्हणतो?

फौजदारांनी उजवं पान वाचलं. "मेला हे ठीक. कुठं मेला? हद्दीच्या पलीकडे ना?" अमीन म्हणाले, "पलीकडे कसा? तुमच्या डोंगरात होता तो. अलीकडे मेला." आणि दोघांचं जे जुंपलं! पलीकडे मेला तर मोगलाई त्याला लपवून होती असं होत होतं, अलीकडे मेला तर इंग्रज. खरा कुठं असेल याची चौकशी कुणीच करेना. शेवटी यांनीच तोड काढली. म्हणाले, "हद्दीवर मेला, असं लिहू का?" दोघेही थांबले. विचार करून हो म्हणाले. मी टाक बुडवला आणि मोकळ्या जागेत लिहिलं, 'हद्दीवरील रानात मयत.' दोघांनी नकला करून घेतल्या.

निघताना अमीनसाहेबांनी सुपारी घ्यायला हात पुढे केला आणि तबकच उचललं. त्यांची नजर खाली गेली, मग उजव्या पानावर आली. त्यांनी सुपारी घेतली, तबक होतं तिथंच अलगद ठेवलं आणि म्हणाले, "चलो. मिट्टी झाली, कागद पुरा झाला."

त्याच वर्षी पितृपक्षात ती दोघं पुन्हा आली. मी त्याला ओळखलंच नाही. अंगावर मांस म्हणून नव्हतं. तो अंगणातच उभा राहिला. मी दोघांना तिथंच वाढलं. बाईनं चार घास खाल्ले. तो भातात बोटं फिरवत बसला.

"जेव की रे," मी म्हटलं.

"कावळा शिवल्यापासनं भूकच लागत नाय, माई."

बाई सांगू लागली. गावात त्याला जाता येत नव्हतं. एकदा गेला, तर सख्ख्या चुलत्यानं समोरून बघितलं आणि दार लावून घेतलं. भुताच्या भीतीनं की फौजेच्या धाकानं, कुणास ठाऊक. रानातले सोबती पांगले होते. इकडच्या गावात थारा नाही, तिकडच्या गावात थारा नाही. तो हद्दीवरच्या रानात एका खोपटात राही आणि ती आठवड्यातून एकदा भाकरी ठेवून येई. विधवा बाई रानात कुणाकडे जाते म्हणून लोक तिला नावं ठेवू लागले होते. तिनं यांना विचारलं, "गुरुजी, मागं घ्यायचा काय इधी नाय का वो?"

यांचा चेहरा उजळला. शास्त्र विचारलं की यांना भूक-तहान नसे. म्हणाले, "आहे! ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत परतला, तर त्याला तुपानं न्हाऊ घालायचं. तो नव्यानं जन्मला असं समजायचं. बारसं करायचं. बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

ती दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे उघड बघून हसली. आणि मी म्हणाले, "वहीत काय लिहू?"

मग मीच बोलत सुटले. दोन सरकारांनी नकला नेल्यात, आता हा जिवंत निघाला तर याला फाशी, आणि या आंधळ्या माणसाला तुरुंग. मी खोटं बोलत नव्हते. पण मी त्यांच्यासाठी बोलत नव्हते, माझ्या घरासाठी बोलत होते, हे तेव्हाही मला कळत होतं. दुसऱ्या मुलखात जा, लांब वऱ्हाडात जा, तिकडे करा, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. तो उठला, पानाला नमस्कार केला आणि म्हणाला, "बराबर हाय माईंचं." त्याचं पान तसंच भरलेलं होतं.

पुढच्या पितृपक्षात ती एकटी आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली.

"गेला," ती म्हणाली. "श्रावणात. भाकरी घिऊन गेले तर निजल्यावानी पडलेला."

"कुठं गं?"

"हद्दीवर, माई. तुमी लिवलं तिथंच. शिवंच्या धोंड्यापाशी. डोकं मोगलाईत, पाय इकडं." तिनं एकटीनं खड्डा खणून त्याला पुरलं होतं. कुणाला सांगणार? तो तर दोन वर्षांपूर्वीच मेला होता.

यांनी मान हलवली. एका माणसाचं क्रियाकर्म दोनदा होत नाही, आणि वहीत दुसऱ्यांदा लिहायचं तरी काय? ती म्हणाली, "लिवू नका. त्येनं काढल्याला नांगर तेवढा दावा." मी वही आणली. या वेळी तबक ठेवलं नाही. तिनं एका नांगरावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"तवा समद्यांम्होरं रडले मी, माई," ती म्हणाली. "खोटंच. आता गावात रडले तर इचारतील, कुनासाठी?"

मी उठून ओसरीचं दार आतून लावलं आणि तिला म्हटलं, "इथं रड."