रजिस्टरातली चक्कर

नेरच्या कॉलेजात मी पोरांनाही फुटबॉल शिकवते आणि पोरींनाही. तोंडाची फटकळ आहे. माझी शिट्टी वाजली की दोन्ही टीम गपगार. दोघांना सारखंच वागवते, अशी फुशारकी मी स्टाफरूममध्ये कायम मारायचे.

गेल्या हिवाळ्यात बाभुळगावला तिथल्या पोरींशी मॅच होती. आमची बॅकला खेळणारी पोरगी, गॅरेजवाल्याची लेक, हेडर घ्यायला उडाली आणि समोरचीचं डोकं तिच्या कानशिलावर आदळलं. ठक्कन आवाज आला. ती पडली. मी धावले, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "सकाळी खाल्लं होतं का काही?" दुसरा, हळूच कानात, "तारीख जवळ आली का?" मग डब्यातला कांदा बुक्कीनं फोडून हुंगवला, ग्लुकोज पाजलं. माझी आई, मावशी, साऱ्याजणी पोरींच्या चकरेवर हेच करत आल्या.

"बरं वाटून राह्यलं, मॅडम," ती म्हणाली.

"मग जाय," म्हणत मी तिला परत मैदानात धाडलं.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "मॅडम, मॅच कधी चालू होईन?" पोरी खिदळल्या, मीही. "गंमत करते का वं?" थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं, अगदी त्याच आवाजात. मग खिडकीतून उलटी. नेरला उतरल्या उतरल्या मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता का?" आणि मी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असून, म्हणाले, "नाही, चक्कर आली होती." अगं बाई! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पोरींनीच खरं सांगितलं. स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "मेंदूला जबर हादरा बसलाय. आणि यानंतर तिला खेळवलं तुम्ही?"

तिचे वडील ग्रीसच्या हातांनीच धावत आले होते. "मॅडम, मांगच्या महिन्यात पोरांच्या टीममधल्या एकाच्या डोक्याले लागलं, तव्हा तुम्हीच मॅच थांबवून त्याले ऑटोत टाकून इथं आणलं होतं ना?" आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात दुखापतींचं रजिस्टर काढलं. पोरांच्या पानांवर: डोक्याला मार, दवाखान्यात नेले. डोक्याला मार, विश्रांती दिली. पोरींच्या पानांवर: चक्कर. अशक्तपणा. चक्कर. चक्कर. सगळं माझ्याच अक्षरात. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पोरीला डोकं नव्हतं काय?

संध्याकाळी तिला भेटायला गेले. उजेड सहन होत नव्हता म्हणून डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. मॅचमधलं तिला काहीच आठवत नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, "अब्बा उगाच नाराज होऊन राह्यले तुमच्यावर, मॅडम. मी म्हटलं त्यायले, पडल्यावर मॅडमनं मले बाहेरच बसवलं असंन."