नितीनचे बाबा गेले

आता काय तोंडानं सांगू तुम्हाला! पण सांगतोच. हसलात तर चहा मिळणार नाही!

नितीन आणि मी चार वर्षं एकमेकांचे आहोत. माझं पेणला चष्म्याचं दुकान. तो रोह्याजवळ वरशात, कंपनीत शिफ्टला. दोघांच्याही घरी कुणाला पत्ता नाही. ते एक सोडा, पण हा माणूस माझ्याशीसुद्धा बोलत नाही हो! मागं पाय मोडला, प्लास्टर चढलं, तरी फोनवर काय? “बरा हाय.” अरे, प्रेम करतोस की हजेरी देतोस?

त्या सकाळी त्याचा शेजारी पक्या, आमचं माहीत असलेला एकुलता एक मित्र, त्याचा फोन.

“अरे, नितीनचे बाबा गेले! नितीन लय रडलाय, तू—”

फोन कट! पक्या लागेना, नितीन उचलेना.

माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! बाप गेला आणि मला पक्याकडून कळतं? रडला, तोही माझ्याशिवाय? शटर ओढलं, एसटी पकडली. रोह्यापर्यंत मनात त्याला शिव्या, रोह्यापासून वरशापर्यंत तोंडानं. रिक्षावाला वळून वळून बघत होता.

दारातच नितीन. डोळे सुजलेले. जवळ घ्यायचं, तर मी फुटलोच!

“मी कोण रे तुझा? रस्त्यावरचा? बापाच्या मयताला तरी बोलवायचं होतंस!”

आतून आवाज आला, “कोनाची मयत रे?”

काकू, नितीनच्या आई, बाहेर आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात उलथणं, मागून तळलेल्या बांगड्याचा वास.

“काकांची...” मी पुटपुटलो.

“त्ये तर पेनला गेलेत, सकाळच्या येष्टीनं!” मग मला खालून वर न्याहाळत, “नितीन, ह्योच काय रं तो?”

नितीन म्हणाला, “काल सगळं सांगितलं घरी. खूप रडलो. बाबा तुलाच बघायला गेलेत.”

एवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“नितीनचा बाप बोलतोय. तुझ्या दुकानाला टाळा, पाटीवरनं नंबर घेतला. हायस कुठं?”

“तुमच्या घरी.”

“मी निघालो म्हनून पळालास व्हय?”

आता सांगा, काय बोलणार? ‘तुम्हाला खांदा द्यायला आलोय’ म्हणू?

“होय बाबा,” म्हटलं, “पळालो.”