वाळूचा पहिला चढ

डिझेल पिकअपच्या इंजिनाची ताकद वाढवायची, तर आधी गिअरबॉक्स आणि क्लच मजबूत करावे लागतात. नाहीतर भर चढावर क्लच घसरून जळतो आणि गाडी उलटी खाली येते. वाळवंटातल्या आमच्या गॅरेजची रीत अशी, की ज्यानं काम केलं त्यानंच पहिल्या चढाला गाडीत बसायचं. कालच्या गाडीचा क्लच मी बसवला होता, म्हणून मी बसलो आणि चढ दिसताच देवाचं नाव पुटपुटू लागलो.

"देवाला काय बोलावतोस? क्लचचा वास घे!" स्टिअरिंगवरून आमचे मिस्त्री, रत्नागिरीचे हसनचाचा हसले.

वाळूच्या टेकडीवर गाडी चढत गेली. जळका वास आलाच नाही. माथ्यावरून पाहताना ऊर भरून आला. नववीत शाळा सोडलेल्या माझ्या हातांवर कोण विसंबणार, असं घरी वाटायचं. इथे चाचा त्याच हातांच्या भरवशावर सीटबेल्ट लावून निवांत बसले होते.